साठीनंतर गावी, तालुक्याला की वर्ध्याला? हाती १७ लाख, गाव खारपाणपट्ट्यातलं

परतीची_वाट:
नमस्कार मंडळी. वय ६० पूर्ण, पत्नी ५७. नागपुरातली खाजगी नोकरी संपली. मुलाचा धंदा बसला, त्याच्या कर्जापायी फ्लॅट विकावा लागला. देणं फेडून आणि पीएफ धरून १७ लाख उरतात. एका पतसंस्थेत ६ लाखांची ठेव अडकलेली आहे. मुलाच्या दुसऱ्या एका कर्जाला मी जामीनदार आहे, त्यातले २ लाख ६० हजार बाकी आहेत, हप्ते सध्या तोच भरतो. ईपीएसचं पेन्शन महिन्याला २,८५० रुपये.

रस्ते तीन दिसतात. पहिला, दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, दर्यापूरपासून १४ किलोमीटर. तिथं वडिलांच्या नावचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर (अर्ध्यात धाकटा भाऊ राहतो) आणि माझ्या हिश्शाचं अडीच एकर कोरडवाहू वावर आहे. घराचा आमचा भाग राहण्याजोगा करायला मिस्त्री ५ लाख सांगतो. दुसरा, दर्यापुरात दोन खोल्या, भाडं ४,०००. तिसरा, वर्ध्यात भाड्यानं, ५,५००. पत्नीला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघे दुखतात. घर बांधून मोकळं व्हावं असं मनात येतं. जाणकारांनी सांगावं.

हिशेबी:
काकाजी, पतसंस्थेचे ६ लाख सध्या शून्य धरा. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते लागू नाही. सहकार खात्याने अवसायक (बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) नेमला असेल तर मूळ पावत्यांच्या झेरॉक्स जोडून दावा अर्ज द्या आणि पोच घ्या. ठेवीदार संरक्षण कायद्याखाली (१९९९ चा महाराष्ट्राचा कायदा) गुन्हा दाखल असेल तर दावा सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका. "पंधरा टक्के द्या, पैसे काढून देतो" म्हणणारे दलाल अशा वेळी हमखास फिरतात.

आता १७ लाखांची वाटणी. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख टाका. सध्याचा दर ८.२ टक्के, आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. दर तिमाहीला २०,५०० येतील, महिन्याला साधारण ६,८३० पडतात. मासिक उत्पन्न योजनेत ३ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला १,८५०. पेन्शन धरून साडेअकरा हजार. वावर मक्त्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलं आणि एकरी १० हजार मिळाले तर महिन्याला आणखी दोन हजार. म्हणजे साडेतेरा हजार. उरलेल्या ४ लाखांतले २ लाख घरासाठी ठेवा आणि २ लाख दवाखान्यासाठी, पन्नास-पन्नास हजारांच्या चार एफड्यांत. एकच मोठी एफडी केली की तीस हजारांसाठी सगळी मोडावी लागते.

ज्येष्ठ बचतीचं खातं वर्षाच्या आत मोडलं तर व्याज हाती लागत नाही, दिलेलं असेल तर मुद्दलातून कापतात. एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का जातो. म्हणून दवाखान्याचा पैसा त्यात नकोच.

आता मिस्त्रीच्या ५ लाखांचं बघा. ते पोस्टात राहिले तर वर्षाला ४१,००० देतात, महिन्याला ३,४००. दर्यापूरच्या भाड्यात आणि गावच्या 'फुकट' घरात फरक उरतो सहाशे रुपयांचा. भाड्याची खोली उद्या सोडता येते, भिंतीत गेलेले ५ लाख परत निघत नाहीत. गावठाणातल्या सामायिक घराला गिऱ्हाईक कुठून आणाल? वर्ध्याचं भाडं म्हणजे ८ लाखांचं व्याज, ते मात्र जड जाईल.

आणखी एक. तुमच्या पश्चात वहिनींना ईपीएसचं अर्धं पेन्शन मिळेल, १,४२५. त्यामुळे ज्येष्ठ बचतीचं खातं दोघांच्या नावे संयुक्त उघडा, म्हणजे तेव्हा वहिनी योजनेच्या वयात बसत असतील तर त्यांना ते मोडावं लागणार नाही, त्याच दरानं पुढं चालवता येईल.

पूर्णाकाठ:
दादा, बांधकामाचा विचार करण्याआधी गावचं पाणी पाहा. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या भागातली बरीच गावं खारपाणपट्ट्यात येतात. विहीर-बोअरचं पाणी खारं, पिण्याचा सगळा भार नळयोजनेवर. तुमच्याकडं शहानूर धरणाचं पाणी येत असेल. ते वर्षभर येतं का हे विचारू नका, मे महिन्यात किती दिवसांआड येतं ते विचारा, आणि उत्तर सरपंचाकडून नको, त्याच आळीतल्या बायांकडून घ्या. आठ दिवसांआड असेल तर दोघांना पिण्या-स्वयंपाकाचं रोजचं २० लिटर धरून १६० लिटर गोडं पाणी झाकून साठवण्याची सोय लागते, वापरायचं वेगळं. बोअरचं पाणी लिटरभर स्वच्छ बाटलीत तपासणी प्रयोगशाळेत द्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊच नये. घरगुती आरओ अशा पाण्यावर लावला तर जाळी लवकर बसते आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं.

हेच खारं पाणी बांधकामात वापरलं की दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टरला लोणा फुटतो, स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि खालचा पोपडा सुटतो. मिस्त्रीच्या ५ लाखांत गोड्या पाण्याचे टँकर धरलेत का ते विचारा. बहुतेक धरलेले नसतात.

पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खूप खोल आहे, मुरूम लवकर लागत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर पडते. नुसत्या चिरा बुजवून उपयोग नाही. जोत्याला चारही बाजूंनी सळईचा बीम हवा, पायाच्या खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम भरायचा, आणि भिंतीलगत तीन फुटांची उताराची फरशीपट्टी करून वळचणीचं पाणी लांब काढायचं.

राहता राहिला धाबा. तो पाडून टिन टाकण्याची घाई करू नका. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा मातीचं धाबं दुपारभर खोली सांभाळतं, टिनाखाली मात्र कूलरही हात टेकतो. धाब्याला दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून उतार नीट करावा लागतो, पन्हाळ साफ ठेवावी लागते, लाकडी कड्या वाळवीसाठी ठोकून पाहाव्या लागतात. ठोकल्यावर पोकळ वाजली ती कडी बदला. एवढ्यानं भागलं तर ५ लाखांची गरजच नाही. गुडघ्यांसाठी कमोड आणि न्हाणीत धरायला दांडी मात्र आधी बसवा. आणि कूलरला रोजचं ५०-६० लिटर पाणी जातं, खारं घातलं तर ताट्यांवर मिठाचा थर बसून हवा अडते. तेही पाण्याच्या हिशेबात धरा.

सातबारा:
घर अजून वडिलांच्या नावे आहे, म्हणजे त्यात खर्च केलेला प्रत्येक रुपया सगळ्या वारसांच्या घरात जातो. बहिणी असतील तर त्यांचाही सारखा हक्क आहे. तोंडी "आम्हाला काही नको" याला किंमत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका कोणाच्या नावे निघाली ते आधी तपासा. घाईत एकाच भावाचं नाव लागल्याचे वाद ठिकठिकाणी चालू आहेत. भावाशी प्रेम असतानाच वाटणीपत्र करून नोंदवून घ्या. वावरासाठी वारस फेरफार, मग संमतीच्या वाटणीचा अर्ज महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे.

वावर मक्त्यानं देताना दरवर्षी नवा लेखी करार, ११ महिन्यांचा, गट नंबर, मक्त्याची रक्कम आणि ताबा परत देण्याची तारीख लिहून. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा लागू आहे. एकाच माणसाकडं वर्षानुवर्षं कागदाशिवाय वावर राहिलं की पुढं कुळाचा दावा उभा राहू शकतो. मक्त्याचे पैसे पेरणीआधी घ्या. कापूस निघाल्यावर देतो म्हणणारा कास्तकार लबाड असतोच असं नाही, पण बोंडअळी आली किंवा पाऊस फिरला तर तो देणार कुठून?

उपकेंद्र:
जागा निवडताना एकच कसोटी आधी लावा. रात्री दोन वाजता तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर सीटी स्कॅन होईल तिथपर्यंत किती वेळात पोचाल? रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. १०८ ला फोन करायचाच, पण शेजारचा कोणता गाडीवाला रात्री उठतो ते नाव-नंबर आधी भिंतीवर लिहिलेलं हवं. वर्ध्याला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, दोन्ही हाताशी. तिसऱ्या पर्यायाचा खरा फायदा तेवढाच, पण तो मोठा आहे. दर्यापूरहून अमरावती किंवा अकोला गाठावं लागतं. गावाहून आधी दर्यापूर, मग पुढं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते भरती होऊन केलेल्या ठरावीक उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, तपासण्या त्यात नाहीत. रुग्णालय यादीतलं हवं, आणि आत गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गाठायचं. आधी भरलेले परत मिळवणं फार कठीण जातं. शिधापत्रिका नागपूरहून हलवताना तिथलं नाव कमी झालं आणि इथं लागलं नाही असा मधला काळ राहू देऊ नका, नेमका तेव्हाच आजार आला तर अडचण होते. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

इन्सुलिनचं विसरू नका. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी. गावात वीज सहा-सहा तास जाते तेव्हा फ्रिज उघडू नका. चालू बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डब्यात घालून ठेवा, आत पाणी जाऊ देऊ नका. उन्हात टपरीवर ठेवलेली किंवा गाडीच्या डिकीतून आलेली बाटली घेऊ नका. तिचा जोर गेलेला असतो आणि शुगर का वाढते ते कळत नाही. ताईंना पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असेल तर मार्च संपण्याआधी डॉक्टरांना डोस विचारा, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येते.

गावाला मुक्कामी एसटी आहे का हेही पाहा. ती असेल तर सकाळची पहिली गाडी हुकत नाही आणि उपाशीपोटी करायच्या तपासण्या जमतात. बायकांना अर्धं तिकीट आहेच, पुरुषांना ६५ नंतर अर्धं, ७५ नंतर सगळ्यांना मोफत.

परतीची_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. दर्यापूरकडं मन झुकतंय. दोन गोष्टी विचारतो. पीएफ जिथं जमा होणार ते खातं त्याच बँकेत आहे जिथं मुलाच्या कर्जाला मी जामीन आहे. आणि मुलगा म्हणतो, गावचा हिस्सा आताच त्याच्या नावे करून द्या.

हिशेबी:
पीएफची रक्कम कर्जापोटी जप्त होत नाही, पण ती साध्या बचत खात्यात उतरली आणि कर्ज थकलेलं असलं तर बँक तिथं हात घालू शकते. पैसे यायच्या आधी दुसऱ्या बँकेत खातं उघडा, ते पीएफच्या केवायसीत जोडा, मंजुरी दिसली की मगच दावा भरा. दावा भरल्यावर खातं बदलायला गेलात तर तो फेटाळला जाऊन महिना वाया जातो. जामीनकीचं टाळून चालणार नाही. मुलासोबत शाखेत जाऊन बाकीचा लेखी उतारा घ्या. हप्ते तटले तर एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव लेखी मागा, आणि पैसे भरल्यावर 'नो ड्यूज' हातात घेतल्याशिवाय उठू नका. वावरावर बोजा चढवला असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडं देऊन सातबाऱ्यावरून तो उतरवून घ्या, आपोआप उतरत नाही. हे २ लाख ६० हजार तुमच्यावर आले तर घरासाठी ठेवलेले २ लाख जातील आणि वर साठ हजार लागतील, म्हणूनही यंदा बांधकाम नको.

सातबारा:
मुलाच्या डोक्यावर कर्ज असताना त्याच्या नावे केलेला हिस्सा उद्या त्याच्या देणेकऱ्यांच्या हाती जाईल. त्याला हे शांतपणे समजावून सांगा, त्यात त्याचंही भलं आहे. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, त्यात पत्नीला हयातभर राहण्याचा आणि मक्त्याचा हक्क आधी लिहा. बक्षीसपत्र करायचीच वेळ आली तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्या कागदातच हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली मुलानं सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं, उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करून. अट लिहिलेली नसेल तर काम फार अवघड होतं.

पूर्णाकाठ:
दर्यापूरची खोली ठरवताना वरच्या मजल्याची, स्लॅबखालची घेऊ नका. तळमजला, पूर्वेकडं दार, आणि घरमालकाची पाण्याची टाकी तुमच्या वापराला खुली आहे हे करारात लिहून. मार्चमध्ये शिफ्ट व्हा, म्हणजे मे-जून तिथं राहून कळेल. मिस्त्रीला पुढच्या दिवाळीनंतरची वेळ सांगा, तोवर भाऊ आणि बहिणींच्या सह्या होऊ द्या.