मदत हवी आहे: सोर्समधून टाकलेलं ओपनसीव्ही मॅनिफेस्टवरून पूर्ण कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. लॅबच्या उबुंटू मशीनवर ओपनसीव्ही (इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी) सोर्समधून बिल्ड करून टाकलेलं आहे. आता एपीटीमधलं (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरमधलं) हवंय, पण प्रोग्राम आधी यूएसआर-लोकल फोल्डरमधल्या जुन्या लायब्ररीच उचलतात आणि डीपीकेजीला (पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या टूलला) त्यांचा पत्ताच नाही.

बिल्ड फोल्डरमध्ये सीमेक या बिल्ड टूलची इन्स्टॉल-मॅनिफेस्ट फाइल आहे. ओळीला एक, असे इन्स्टॉल झालेल्या सगळ्या फायलींचे पूर्ण पाथ त्यात आहेत. ती यादी एक्सआर्ग्स कमांडने आरएमला (फायली काढणाऱ्या कमांडला) दिली की फायली जातील, रिकामी फोल्डरं तेवढी उरतील, ते चालेल. खरी अडचण अशी की दर इन्स्टॉलला ही यादी नव्याने लिहिली जाते. मग आधीच्या व्हर्जनच्या उरलेल्या फायली खात्रीने कशा ओळखायच्या? यूएसआर-लोकलमध्ये इतरही बरंच काही आहे, त्याला धक्का लागायला नको. मशीन विद्यार्थी रोज वापरतात.

आणि यापुढे सीपॅकने (सीमेकसोबतच्या पॅकेज बनवणाऱ्या टूलने) डेब पॅकेज बनवूनच टाकावं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.