तंबूतल्या रात्री : आफ्रिकेत कॅम्पिंग सफारी केलेल्यांनी लिहा

धागाकर्ती, पुणे
सिंहाचे फोटो सगळ्यांकडे आहेत. मला रात्रीचं ऐकायचंय. लॉज सोडून तंबूत झोपलात, तर दिवे मालवल्यावर काय ऐकलंत, कशाने तंतरली, ते लिहा. सुरुवात मी करते.

टांझानिया, सेरेंगेटीतला सेरोनेराचा कॅम्प. कुंपण नाही. स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा तेवढी जाळ्या लावून बंद, म्हणजे पिंजऱ्यात आपण. संध्याकाळी आचाऱ्याने चहाबरोबर ताजे पॉपकॉर्न दिले, त्याचंच आईला अप्रूप. रात्री अकराच्या सुमारास सिंह. डरकाळी म्हणावी असं काही नव्हतंच. आधी दोन-तीन लांब हुंकार, मग लोहाराचा भाता चालावा तसे आखूड आखूड, विझत जाणारे. शांत रात्री हा आवाज आठेक किलोमीटरवरून येतो म्हणे, पण ते सकाळी कळलं.

आणि अर्थातच तेव्हाच आईला बाहेर जायचं होतं! गाइडने झोपण्याआधी बजावलं होतं: चेन थोडी उघडा, बॅटरी चौफेर फिरवा, डोळे चमकले तर परत आत. आईने विचारलं होतं, "हरणाचे असले तर?" तो म्हणाला, "हरणाच्या मागे कोण आहे ते कसं कळणार, मामा?" स्वाहिलीत मोठ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात. आमच्या घरात आई तेव्हापासून मामाच आहे.

सातारकर, सध्या दार एस सलाम
टांझानियातल्याच न्गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराच्या काठावरचा सिंबा कॅम्प. जुलैत गेलो, महाबळेश्वरचा हिशोब धरून एकच स्वेटर घेतला. चूक. उंची २,३०० मीटरच्या आसपास, रात्री दात वाजत होते. पहाटे तीनला कानाशी कोणीतरी जुनं धोतर टराटरा फाडतंय असं वाटलं. झेब्रा गवत उपटून खात होता. माझा कान आणि त्याचे दात यांच्यामध्ये फक्त तंबूचं कापड. मी श्वास धरून पडलो, तो आरामात चरत पुढे गेला.

सकाळी ब्रश घेऊन गेलो तर पाण्याच्या टाकीत सोंड घालून हत्ती उभा. त्याचं होईपर्यंत सगळा कॅम्प तोंडात फेस घेऊन थांबला.

(खाली विवरात जेवताना वर लक्ष ठेवा. घारीने माझ्या हातातलं सँडविच नेलं, नख न लावता.)

वाचनमात्र होते, आता लिहिते
माझं रात्रीचं काही नाही, पण निघण्यापूर्वीचं सांगते. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे. निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि जीन्सवरूनही चावते. पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. आणि तो लाडवाचा डबा तंबूत उशाशी ठेवू नका, गाडीत ठेवा. नाकं तुमच्यापेक्षा तीक्ष्ण आहेत.

नागपूरकर
आम्ही चौघांनी बोट्स्वानात स्वतः गाडी चालवली. माऊनहून टपावर तंबू असलेली जीप घेतली. तिकडेही डावीकडून चालवायचं, म्हणून अंगात हुरूप. तो पहिल्या वाळूत गेला. चाकांतली हवा कमी करायची हे पुस्तकी ज्ञान होतं, पण रुतल्याशिवाय कोणी करतं का?

सावुतीला न्हाणीघरांभोवती किल्ल्यासारखी जाड भिंत आहे, कारण हत्ती पाण्यासाठी नळ उखडतात. तिथे झोप छान लागली. ख्वाईला मात्र शिडीखाली सँडल काढून वर चढलो. मध्यरात्री तरस. त्याची हाक खालून सुरू होऊन शेवटी वर उचलली जाते, 'ऊऽऽऊप', जणू प्रश्न विचारतोय. सकाळी एक सँडल पन्नास पावलांवर, पट्टा चघळलेला. दुसरी अजून ख्वाईतच आहे.

टपावरचा तंबू मिरवायला झकास, पण पहाटे फेरी मारायची तर रोज अख्खं घर गुंडाळायला लागतं. पुढच्या वेळी जमिनीवरच.

विदर्भकन्या
नामिबियातलं एटोशा, ओकाउक्वेयोचा कॅम्प. कुंपण आहे, वडिलांचं वय बघता तेच बरं. कुंपणालगतच पाणवठा, रात्रभर मंद दिवे. बुटक्या भिंतीअलीकडे बाकांवर माणसं बसलेली. बाबांनी ताडोब्याच्या चिक्कार फेऱ्या केल्यात, जिप्सींची धावाधाव आणि "दिसला का, दिसला का" त्यांना पाठ. इथे कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काळा गेंडा आला, पाण्यात तोंड घातलं, आणि त्याच्या पिण्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. बाबा रात्री दोन वाजेपर्यंत बाकावरून उठले नाहीत. तंबूचे पैसे वाया गेले म्हणायला हरकत नाही.

उगाच एप्रिलमध्ये गेलेला
स्वस्त पडलं म्हणून केनियातल्या मसाई माराला एप्रिलमध्ये गेलो. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस, हे पैसे भरल्यावर वाचलं. सहल कंपनीने तंबूत थेंब येणार नाही असं सांगितलं होतं. माझ्या बाजूने पातेलं लावलं. गाडी रुतली ती काळ्या मातीत, अगदी आपली यवतमाळची कापसाची जमीन. तिकडेही तिला कापसाचीच काळी माती म्हणतात, हे चिखलात उभं राहून ड्रायव्हरकडून कळलं.

सिंह नाही, तरस नाही. तीन रात्री मी बेडूक ऐकले.