वडगावकर परिवार ग्रुप: मुक्ताचं लग्न आणि सुझुकी आडनाव

सुधीर काका: सर्वांना नमस्कार. आपल्या मुक्ताचा केंता सुझुकी जपानचा, आणि आज पेपरात वाचलं की जपानमध्ये लग्न झालं की नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, कायदाच तसा आहे. हे घरातल्या मोठ्यांना कुणी सांगितलं होतं का? साखरपुड्याला मी विचारलं तेव्हा "बघू" असं उत्तर मिळालं. बघू म्हणजे काय?

कुसुम आत्या: मुलांचं आडनाव काय लागणार?

रोहन: मारुती सुझुकी 🚗

स्मिता काकू: रोहन!!

सुधीर काका: ज्यांना थट्टा करायची त्यांनी भावंडांच्या ग्रुपवर करावी. मेधा, तू तरी बोल.

मेधा काकू: भावोजी, मुक्ता ऑफिसातून आली की स्वतःच लिहील. माझ्याकडे आत्ता गॅसवर कढई आहे.

बापू काका: *जाणून घ्या 🙏 जपानमधील प्रत्येक आडनाव २६०० वर्षे जुने असून ते सामुराई घराण्यांचे आहे. आपली आडनावे मात्र इंग्रजांनी दिली. वाचा आणि पुढे पाठवा.*

सुधीर काका: बघा. २६०० वर्षांचं घराणं. ते लोक आपलं आडनाव कशाला सोडतील? सोडणार आपलीच मुलगी.

कुसुम आत्या: मी विचारलं ते कुणी वाचलं का? मुलांचं आडनाव काय लागणार?

मुक्ता: नमस्कार सगळ्यांना. इथे रात्रीचे साडेबारा झालेत, पण हे वाचून झोप येणार नाही म्हणून लिहितेच.

काका, कायदा आहे, पेपरवाल्यांनी खोटं लिहिलेलं नाही. नागरी कायद्याचं कलम ७५०. पण ते दोघंही जपानी असले तर लागू होतं. एक जण परदेशी असेल तर दोघांची आडनावं आहेत तशीच राहतात. मी पासपोर्टवर वडगावकर आहे आणि वडगावकरच राहणार. उलट केंताला माझं आडनाव घ्यायचं असेल तर लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत महापालिकेच्या कचेरीत अर्ज दिला की झालं, कोर्टाची परवानगी लागत नाही.

रोहन: केंता वडगावकर!! जिजू वडगावच्या जत्रेत पालखीला खांदा देणार 🔥

मुक्ता: त्यांच्या लिपीत ते साधारण "वादोगाओकारु" असं होतं. तो आठवडाभर सराव करतोय.

सुधीर काका: ठीक. पण त्याचे आईवडील मान्य करतील? घराण्याची परंपरा असते. बापूने पाठवलंय ते वाच.

मुक्ता: बापूकाका, रागावू नका, पण ते फॉरवर्ड चुकीचं आहे. मी पुण्यात जपानी शिकत होते तेव्हापासून हा माझा आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानचं सगळ्यात जुनं घराणं म्हणजे सम्राटाचं, आणि त्यालाच आडनाव नाही. आजही नाही. २०२१ मध्ये राजकुमारी माकोने सामान्य घरातल्या कोमुरो केई यांच्याशी लग्न केलं, तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा आडनाव मिळालं. पूर्वी कुळाची नावं सम्राट द्यायचा. नाकातोमी कुळातल्या कामातारीला ६६९ मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी "फुजिवारा" हे नाव मिळालं. ८१४ मध्ये सागा सम्राटाने आपल्या काही मुलांना राजघराण्यातून बाहेर काढून "मिनामोतो" हे नाव दिलं, कारण एवढ्या राजपुत्रांचा खर्च झेपत नव्हता. ८१५ मध्ये कुळांची यादी झाली, तिच्यात ११८२ कुळं आहेत. तीन भाग केलेत: सम्राटाच्या वंशातली, देवांच्या वंशातली, आणि चीन-कोरियातून आलेली. बाहेरून आलेल्यांची स्वतंत्र यादी, ती पण राजदरबाराने केलेली!

बापू काका: मग आपल्यासारखी आडनावं कधी आली?

मुक्ता: ती जमिनीवरून. फुजिवारा इतके झाले की कोण कुठला कळेना. मग गावाकडचे सरदार आपल्या जमिनीचं, गावाचं नाव लावायला लागले. आशिकागा गावात राहिलेले मिनामोतो झाले आशिकागा, निता गावातले झाले निता. मूळ कूळ एकच. काका, आपणही पणजोबांच्या आधी कुलकर्णी होतो असं बापूकाकाच सांगतात ना? वडगावला आलो आणि वडगावकर झालो. तसंच.

बापू काका: बरोबर. वतन गेलं आणि कुलकर्णी पण गेलं. ते वतन कसं गेलं ते सुधीरला विचारा.

सुधीर काका: बापू, तो विषय इथे नको.

बापू काका: मी काही बोललो नाही. 🙏

कुसुम आत्या: मी सातबाऱ्याबद्दलसुद्धा काही बोलत नाही. मी फक्त विचारतेय मुलांचं आडनाव काय लागणार.

स्मिता काकू: वन्सं, सांगेल हो ती. सगळ्यांनी जेवून घ्या आधी.

ओंकार: मग सुझुकी सामुराई का नाही?

मुक्ता: सुझुकी मूळचे कुमानोचे, म्हणजे दक्षिणेकडच्या वाकायामा भागातले. तिथल्या देवस्थानांची सेवा करणारं कूळ. कापलेल्या भाताची कणसं रचून ठेवतात त्या राशीला तिकडे सुसुकी म्हणत, त्यावरून ते नाव असं मानतात. कुमानोची भक्ती सांगत ते लोक पूर्वेकडे गेले आणि नावही पसरलं. इथे शिझुओका जिल्ह्यात, म्हणजे हामामात्सूच्या आसपास, सगळ्यात जास्त सुझुकीच भेटतात. देशात सातो पहिले, सुझुकी दुसरे, प्रत्येकी अठरा लाखांच्या आसपास.

रोहन: म्हणजे पुजारी घराणं! काका, आता तरी खूश?

सुधीर काका: हे आधी सांगायला काय झालं होतं.

मुक्ता: काका, पण केंताच्या घरचे पुजारी होते असं मी म्हणत नाहीये. त्याचे पणजोबा शेतकरी होते. एदो काळात, म्हणजे १८६८ च्या आधी शोगुनांची (लष्करी सत्ताधीशांची) राजवट होती तेव्हा, सामुराई सोडून बाकीच्यांना सरकारी कागदावर आडनाव लावायची मुभाच नव्हती. आडनाव आणि तलवार हा मान होता, एखाद्या गावच्या मुखियाला बक्षीस म्हणून मिळायचा. त्यानंतर आलेल्या मेजी सरकारने १८७० मध्ये सगळ्यांना आडनाव लावायची परवानगी दिली, तर लोक पुढेच येईनात. त्यांना वाटलं, हा नवा कर बसवायचा डाव. १८७२ ला कुटुंबनोंदणी झाली, १८७३ ला सक्तीची सैन्यभरती आली. एकाच गावात चार जण एकाच नावाचे, मग भरतीचा कागद कुणाच्या दारात न्यायचा? लष्करखात्याने आग्रह धरला आणि सरकारने १३ फेब्रुवारी १८७५ ला आडनाव लावणं सक्तीचं केलं.

रोहन: म्हणून शेतात उभा असेल तो तानाका, डोंगराखाली राहील तो यामामोतो 😂 एका दिवसात काम तमाम

मुक्ता: रोहन, हाच मोठा गैरसमज आहे आणि तो मला फार खटकतो. तानाका म्हणजे भातखाचरांमधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा, हे खरं. पण शेतकऱ्यांना आडनावंच नव्हती, सरकारने हुकूम केल्यावर त्यांनी आजूबाजूला बघून ठोकून दिली, हे खरं नाही. देवळांच्या देणगीयाद्यांत, गावातल्या खासगी कागदांत शेतकऱ्यांची आडनावं सापडतात. लोकांकडे ती होती, फक्त अधिकाऱ्यासमोर तोंडातून काढता येत नव्हती. काहींनी मात्र त्या वेळी खरंच देवळातल्या भटजीकडून नाहीतर मुखियाकडून नाव मागून घेतलं. गरिबांना इतिहासच नव्हता असं समजून हसणं बरोबर नाही.

रोहन: ओके ताई. चुकलं.

मेधा काकू: मुक्ता, झोप आता.

सुधीर काका: ते सगळं मान्य. पण बायकोने नवऱ्याचं नाव लावायची रीत तर जुनीच असेल ना तिकडे?

मुक्ता: नाही काका, तीच तर गंमत. १८७६ मध्ये सरकारचा हुकूम असा होता की लग्नानंतरही बाईने माहेरचंच आडनाव लावायचं. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासाची बायको इतिहासात हिनो तोमिको म्हणूनच ओळखली जाते, हिनो हे तिचं माहेर. एक घर एक आडनाव ही सक्ती आली १८९८ च्या नागरी कायद्याने, बाई नवऱ्याच्या "घरात" दाखल होते म्हणून. युद्धानंतर १९४७ ला कायदा बदलला, आता नवऱ्याचं किंवा बायकोचं, कुठलंही एक चालतं. पण साधारण ९५ टक्के वेळा बदलते ती बाईच. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ ला आणि पुन्हा २०२१ ला हा कायदा घटनेला धरूनच आहे असं सांगितलं.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण लग्नानंतर बँक, लायसन्स, पासपोर्ट सगळीकडे नाव बदलत फिरत होती. २०१९ पासून नोंदणीत जुनं आडनाव सोबत लिहून मिळतं, पण ते सोबत, जागेवर नाही. सव्वाशे वर्षांच्या कायद्याला लोक हजार वर्षांची परंपरा म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

ओंकार: एका प्राध्यापकांनी हिशोब केलाय ना, हाच कायदा राहिला तर २५३१ मध्ये सगळे जपानी सातो होतील?

मुक्ता: हो, तोहोकू विद्यापीठाचे योशिदा हिरोशी. २०२४ मध्ये मांडला. कायदा बदलावा म्हणूनच तो हिशोब लोकांपुढे आणला होता.

रोहन: मग जिजूंनी वडगावकर घेऊन जपान वाचवावं

सुधीर काका: पुरुषाने बायकोचं नाव लावायचं? तिथे तरी कुणी करतं का असं?

मुक्ता: काका, तुमची गाडी कुठली?

सुधीर काका: वॅगन आर. त्याचा काय संबंध?

मुक्ता: ज्यांनी मारुतीबरोबर ती कंपनी भारतात आणली ते ओसामु सुझुकी जन्माने सुझुकी नव्हतेच. ते मात्सुदा. १९५८ मध्ये सुझुकी घराण्यात लग्न केलं, बायकोचं आडनाव घेतलं, घरजावई होऊन दत्तक गेले आणि पुढे कित्येक वर्षं कंपनी चालवली. आपल्या सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. मुलगा नसलेल्या घरात जावयाला नाव देऊन घर पुढे नेणं ही तिथली जुनी पद्धत आहे, त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

बापू काका: हे माहीत नव्हतं. 🙏🙏

स्मिता काकू: अहो, आता बोला.

सुधीर काका: मी कधी म्हटलं कमीपणा आहे म्हणून? माझं म्हणणं एवढंच की घरात विचारायला हवं होतं.

कुसुम आत्या: सुधीरदादा, मला कुणी विचारलं होतं? आडनाव सोड, लग्नाच्या मांडवात तांदळावर माझं नाव लिहून बदललं. माहेरी कुसुम, सासरी शैला. आधार कार्डाला चार फेऱ्या झाल्या. तू तेव्हा मांडवातच होतास.

मेधा काकू: वन्सं, खरं आहे तुमचं.

सुधीर काका: तेव्हा तशीच रीत होती, कुसुम.

कुसुम आत्या: होती. म्हणूनच मुक्ताला म्हणते, बाई, तू तुझं ठेव. आणि आता कुणीतरी सांगा मुलांचं आडनाव काय लागणार, मी मघापासून चार वेळा विचारलं.

मुक्ता: आत्या, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड होता म्हणून मागे ठेवला. मूल जपानी नागरिक म्हणून केंताच्या कुटुंबनोंदणीत जाईल आणि त्याचंच आडनाव लागेल. मी परदेशी असल्यामुळे त्या नोंदणीत माझं नाव सदस्य म्हणून येत नाही, फक्त "हिच्याशी लग्न झालं" असा शेरा असतो. म्हणजे केंताने माझं आडनाव घेतलं तर मूल वडगावकर, नाहीतर सुझुकी. त्याची तयारी आहे. पण ऑफिसात, बँकेत, शेजारी त्याला रोज कुणीतरी "हे कसलं नाव?" विचारणार, आणि तो त्रास त्याच्यावर टाकायचा का हे माझं अजून ठरलेलं नाही.

कुसुम आत्या: मग त्याला तो त्रास देऊ नको. मूल सुझुकी झालं तरी वडगावला येईलच की.

सुधीर काका: असं कसं? तो तयार आहे तर घेऊ दे ना. वडगावकर हामामात्सूत गेलं तर वाईट काय?

रोहन: काकांनी पार्टी बदलली!!

मुक्ता: सहा महिने आहेत. आम्ही दोघं ठरवू आणि पहिल्यांदा इथेच सांगू. तोवर केंताच्या आईला कुणी यावरून मेसेज करू नका. आत्या, तू विशेषतः.

कुसुम आत्या: मी फक्त भाषांतर करून एवढंच विचारलं होतं की मुलांचं आडनाव काय लागणार.

मेधा काकू: वन्सं!!