मराठी चित्रपट: आधी थिएटर की थेट ओटीटी? (सांगली-सातारा पट्टा)

कृष्णाकाठ_सांगली

११८ मिनिटांचा मराठी चित्रपट तयार आहे. चित्रीकरण वाई आणि तासगाव भागात, सेकंदाला २५ फ्रेम्सवर. एक प्रसंग बैलगाडा शर्यतीचा. सेन्सॉर बाकी आहे. मध्यस्थामार्फत एका प्लॅटफॉर्मचा प्रस्ताव आलाय: थिएटरला न लावता थेट घेणार, सगळे हक्क, ७ वर्षं, एक्सक्लुझिव्ह (म्हणजे दुसऱ्या कुणाला देता येणार नाही). एमजी (मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली किमान रक्कम) नाही, प्रेक्षकांनी किती मिनिटं पाहिलं त्यावर पैसे. दुसरा मार्ग म्हणजे सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर मिळून ८-१० पडदे. दोन्ही जमेल का? करारात काय बघायचं?

पडदा_कऱ्हाड

दोन्ही जमतं, पण आधी थिएटर. एकदा घरातल्या टीव्हीवर आलेला चित्रपट नंतर थिएटरवाला लावत नाही.

मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी चित्रपटासाठी थिएटर आणि ओटीटीमध्ये ८ आठवड्यांचं अंतर मागतात. दक्षिणेकडच्या चित्रपटांना ४ आठवड्यांचे करार सर्रास होतात. तुमच्यासाठी किती, हे तारीख ठरवण्याआधी प्रत्येक थिएटरकडून लेखी घ्या. शब्द दिल्यावर मागं फिरणं महागात पडतं. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ या हिंदी चित्रपटाचं ९ तारखेचं प्रदर्शन ऐन वेळी रद्द करून १६ मेला थेट ओटीटीवर आणायचं ठरलं. पीव्हीआर आयनॉक्स या मल्टिप्लेक्स साखळीनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, ओटीटीला स्थगिती मिळाली, आणि शेवटी चित्रपट २३ मेला थिएटरलाच लागला. ओटीटीवर त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. म्हणजे अंतर वाटाघाटीत कमी होऊ शकतं, पण आधी बोलून.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. मूळ दर १०० ठेवला तर प्रेक्षक १०५ देतो. ११० केला तर १२९ रुपये ८० पैसे. तुम्ही १० रुपये वाढवले आणि त्याच्या खिशातून जवळपास २५ गेले. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो, म्हणून आपल्या भागात १०० च्या वर जाऊ नका.

मल्टिप्लेक्समधली वाटणी २००९ च्या तडजोडीपासून साधारण अशी आहे: निव्वळ (कर वजा जाता) कमाईतला निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि पुढं ३०. उदाहरण घ्या: ३ पडदे, रोज २ शो, शोला ६० माणसं, ७ दिवस. २,५२० तिकिटं, २ लाख ५२ हजार निव्वळ, तुमच्याकडं १ लाख २६ हजार. त्यातून डिजिटल प्रिंटचं शुल्क, वितरकाचं कमिशन आणि पोस्टर जायचं. ८-१० पडदे एकदम उघडण्यापेक्षा ४ पडद्यांवर शो भरलेले दिसणं जास्त कामाचं. रिकामा शो सोमवारी उतरवला जातो आणि एकदा उतरला की परत लागत नाही.

शोची वेळही आधीच मागा. २०१५ च्या सरकारी निर्णयानुसार मल्टिप्लेक्सनं मराठीला दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये शो द्यायचा आहे. सकाळी ९ च्या शोला तासगावहून कोण येणार? मोठा हिंदी किंवा तेलुगू चित्रपट येणारा शुक्रवार आणि बारावीची परीक्षा, दोन्ही टाळा.

करारवाचक

हा प्रस्ताव आहे तसा घेऊ नका. एमजी नसताना ७ वर्षांचं एक्सक्लुझिव्ह म्हणजे चित्रपट फुकट बांधून ठेवणं. एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर रक्कम हवी. रक्कम नसेल तर नॉन-एक्सक्लुझिव्ह आणि फार तर २ वर्षं. ‘सगळे हक्क’ हा शब्दच खोडा. सबस्क्रिप्शन, भाड्यानं बघणं, जाहिरातींसह मोफत, सॅटेलाइट, रिमेक, डबिंग, प्रत्येकाचा वेगळा उल्लेख हवा. जे लिहिलं नाही ते निर्मात्याकडं राहील, असं वाक्य घाला.

कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ नीट वाचा. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते संपतात, पण ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’. छापील करारात नेमकं तेच वेगळं ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून डिलिव्हरी (आपण दिलेल्या फाइल्स) मान्य झाल्यापासून १८० दिवसांत प्रसारण, नाहीतर हक्क आपोआप परत आणि मिळालेले पैसे आपल्याकडंच, हे कलम आग्रहानं घाला. दिग्दर्शक दिबाकर बॅनर्जींचा ‘तीस’ हा चित्रपट नेटफ्लिक्सनंच करवून घेतला होता, २०२२ मध्ये तयार झाला, आणि प्लॅटफॉर्मवर आलाच नाही. एवढ्या नावाच्या दिग्दर्शकाची ही गत, तर पहिल्या चित्रपटवाल्याला वाली कोण? आणि कायद्यानं चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता आहे, दिग्दर्शक नाही. दिग्दर्शकाचं नाव, अंतिम कट, पोस्टरवरची जागा यातलं जे हवं ते करारातच मागावं लागतं.

मिनिटांवर पैसे असतील तर: दर किती, तो कोण बदलू शकतो, अहवाल दर तिमाहीला मिळणार का, हिशेब तपासायचा हक्क आहे का, आणि मध्यस्थाचं कमिशन कशातून कापणार. गीतकार-संगीतकारांचे सहीचे करारही काढून ठेवा. चित्रगृहात चित्रपटासोबत गाणं वाजलं तर त्यांची वेगळी रॉयल्टी नाही, ओटीटीवर मात्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्यांचा वाटा आहे. यातली एक सही नसली तरी व्यवहार कायदेशीर तपासणीत अडकतो.

मिक्सिंग_सातारा

बैलगाडा शर्यत आहे म्हणता, मग पशु कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घेतली होती का? सेन्सॉर ते प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर तारीख जाहीर करूच नका. प्रमाणपत्र मिळाल्यावर एक शॉट बदलला तरी पुन्हा मंजुरी लागते, त्यामुळं कट पक्का करूनच अर्ज करा. ओटीटीला सेन्सॉर लागत नाही, पण धूम्रपानाचा इशारा सप्टेंबर २०२३ पासून तिथंही लागतो.

२५ फ्रेम्सचं काम आत्ताच हाती घ्या. थिएटरमधले जुने सर्व्हर २५ फ्रेम्सची डीसीपी (थिएटरला जाणारी चित्रपटाची डिजिटल प्रत) नीट चालवतीलच असं नाही, म्हणून २४ ची करावी लागते. ११८ मिनिटं मग जवळपास १२३ होतात आणि आवाज जड येतो. स्टुडिओला पिच (आवाजाची पट्टी) दुरुस्त करायला सांगा, नुसतं ताणलं तर गाणी बेसूर वाटतात.

आवाजाचे मिक्स दोन लागतात. थिएटरचा ५.१ (सभोवतालच्या स्पीकरांसाठीचा) मिक्स तसाच ओटीटीला दिला तर टीव्हीवर संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि हलगी वाजली की कान फुटतात. नेटफ्लिक्स संवादाची पातळी उणे २७ एलकेएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक) मागतं. इतरांचे आकडे त्यांच्या डिलिव्हरी पत्रकात बघा. क्यूसीत (प्लॅटफॉर्मच्या तांत्रिक तपासणीत) नापास होण्याची नेहमीची कारणं म्हणजे सबटायटल मागंपुढं, पडद्यावरची अक्षरं (पाट्या) नसलेली प्रत नाही, आणि संवादाविना संगीत-परिणामांचा ट्रॅक नाही. तो ट्रॅक मिक्सिंगच्या दिवशीच काढून घ्या. नंतर काढायचा तर स्टुडिओ पुन्हा भाड्यानं घ्यावा लागतो.

कृष्णाकाठ_सांगली

पशु कल्याणचं पत्र आहे. पिच दुरुस्तीचं स्टुडिओला आजच सांगतो. एक पडदा असलेलं थिएटर वाटणी नको म्हणतंय, आठवड्याचं ठोक भाडं मागतंय. द्यावं का?

पडदा_कऱ्हाड

भाडं भागिले तिकिटाचा मूळ दर, इतकी तिकिटं आठवड्यात फक्त भाडं फेडायला जातात. ७० हजार भाडं आणि दर १०० असेल तर ७०० तिकिटं, म्हणजे रोजची १००. तेवढी खात्री असेल तरच घ्या, नाहीतर ३ दिवसांचं भाडं ठरवा आणि पुढचे ४ दिवस वाटणीवर. आणि डीसीपीची किल्ली (ती उघडणारी डिजिटल फाइल) त्या थिएटरच्या सर्व्हरची असते. सर्व्हर बदललाय का ते विचारून किल्ली मागवा आणि गुरुवारीच पहिली १० मिनिटं लावून बघा. शुक्रवारी १२ वाजता किल्ली चालली नाही तर आलेला प्रेक्षक परत जातो.