मदत हवी आहे: मत्तय ५:३९ मराठीत कसं वाचू?

सर्वांना सलाम. मी मूळची नगरची, आता कॅनडात किचनरला असते आणि इथल्या मेनोनाइट मंडळीत जाते. आमच्या पाळकबाईंनी पुढच्या महिन्यात मला संदेश (प्रवचन) द्यायला सांगितलंय, आणि म्हणाल्या शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधलं येशूचं हे वचन, तुझ्या भाषेत वाच.

मेनोनाइट म्हणजे १५२५ मध्ये झुरिकला लहान मुलांऐवजी प्रौढांचा बाप्तिस्मा सुरू केला त्या परंपरेतले, हातात शस्त्र न घेणारे. १५६९ मध्ये हॉलंडमध्ये याच परंपरेतला डिर्क विलेम्स तुरुंगातून पळाला, मागे लागलेला माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला, तर डिर्कने मागे फिरून त्याला बाहेर काढलं आणि त्यामुळेच पकडला जाऊन जाळला गेला. संदेशात हेच सांगणार आहे.

पण अडलंय एका शब्दावर. आईच्या बायबलमध्ये, ज्याची पानं त्या जागी अगदी मऊ पडलीत, 'दुष्टाला अडवू नका' असं आहे. मला ते वाचताना टोचतं, कारण अडवू नका म्हणजे वाईट चालू द्या असंच ऐकू येतं ना. मूळ ग्रीक शब्द समोर उभं ठाकण्याचा आहे, लढाईतही वापरतात तो. पाळकबाई म्हणतात मारू नका पण गप्पही बसू नका, हा खरा अर्थ, आणि मला तो मनापासून पटतो.

मग 'प्रतिकार करू नका' म्हणू का 'उलट वार करू नका'? की छापलंय तेच वाचून नंतर समजावू? तुमच्याकडे दुसरं भाषांतर असेल तर ती ओळ टाका प्लीज, आणि कोणी यावर मराठीत संदेश दिला असेल तर कसा मांडला तेही सांगा.