आईचं अल्झायमर आणि "बोन मॅरो स्टेम सेल" पॅकेज, कोणी केलंय का?

देवगडचा_बागवाला

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डोनेपेझिल चालू आहे, आता मेमँटिनपण दिलंय. चालते-फिरते, कोंबड्यांना हाका मारते, पण तिन्हीसांजा झाल्या की "तुझो बापूस अजून बागेतसून येवक नाय" म्हणत दारात जाऊन उभी राहते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. गंमत म्हणजे आंबा हातात दिला तर नुसता वास घेऊन अजून किती दिवस आढीत ठेवायचा ते बरोब्बर सांगते, आणि पाच मिनिटांनी मला विचारते तू कोणाचो रे.

दादा मुंबईला असतो, त्याला व्हॉट्सॲपवर एका क्लिनिकचा व्हिडिओ आलाय. कमरेच्या हाडातून मॅरो काढायचा, त्याच दिवशी मशीनमधून फिरवून स्टेम सेल वेगळे करायचे आणि पाठीच्या मणक्यातून परत सोडायचे, तीन सिटिंग, साडेपाच लाख. दादा म्हणतो आंब्याचे पैसे आले की करून टाकू, कमी पडले तर वरची चाळीस कलमं पाच वर्षं कराराने देऊ. मी जरा थांब म्हटलं की "तुला आईपेक्षा कलमं मोठी" हे ऐकावं लागतं. खरंच काही असतं का यात?

चिपळूणची_सिस्टर

मी मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. आधी एक घोळ काढून टाका. ब्लड कॅन्सरला जे ट्रान्सप्लांट करतात ते पक्कं आहे, टाटाला १९८३ पासून होतंय, तिथे रक्त बनवणाऱ्या पेशी देतात आणि त्या रक्तच बनवतात. ही क्लिनिकवाली मंडळी त्याच नावाचा फायदा उठवतात.

अल्झायमरसाठी चाचण्या चालल्यात त्या मुख्यतः मेसेनकायमल पेशींच्या, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या वेगळ्या स्टेम सेलच्या. मॅरोत त्या फारच थोड्या, दहा हजारांत एखादी, कधी लाखात एखादी, म्हणून लॅबमध्ये काही आठवडे वाढवाव्या लागतात. सकाळी काढून दुपारी सोडलं तर आत जातात त्या बहुतेक रक्ताच्याच पेशी, मग अल्झायमरशी त्याचा संबंध काय? बरं वाढवलेल्या पेशी सलाइनमधून दिल्या तरी बऱ्याचशा आधी फुप्फुसात अडकतात. आणि त्या मेंदूत जाऊन नवे न्यूरॉन (मेंदूच्या पेशी) होतात असंही आता बहुतेक शास्त्रज्ञ मानत नाहीत, त्या जी रसायनं सोडतात त्याने मेंदूतली सूज कमी होते का एवढंच बघतायत.

काम चालूच नाही असं नाही हं. अमेरिकेत दात्याच्या मॅरोतल्या पेशी वाढवून सौम्य अल्झायमरच्या ४९ जणांवर चाचणी झाली, २०२५ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आली. मुख्य प्रश्न होता सुरक्षित आहे का, ते दिसलं, काही आकडे आशा वाटावी असे आहेत. पण ४९ माणसं म्हणजे आपल्या एका एसटीत मावतील एवढी, त्यावर उपचार ठरत नाही.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हे फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच द्यायचं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. क्लिनिकला एकच विचारा, सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा नंबर द्या. साडेपाच लाख मागतायत म्हणजे ती चाचणी नव्हे, दुकान.

दापोली_बंदर

आम्ही केलंय. वडिलांचं. नाव लिहीत नाही. दोन दिवस ताप, पाठ आणि डोकं एवढं दुखलं की माणूस उशीवरून मान उचलेना, आणि त्यांना कळतच नव्हतं की का दुखतंय, दर दहा मिनिटांनी मला विचारायचे मी पडलो का रे कुठे. महिनाभर आम्हालाच वाटायचं फरक पडलाय, एक दिवस त्यांनी धाकट्याचं नाव बरोबर घेतलं तर सगळ्या घराने पेढे खाल्ले. नंतर होतं तसंच. फोन केला तर म्हणे अजून एक सिटिंग घ्या. होडी विकली होती आम्ही त्यासाठी. दादाला माझा मेसेज दाखवा.

कुडाळचो_आबा

माका शास्त्र काय समजणा नाय, पण आमच्या आत्येक हीच बिमारी होती. रातीची उठान भायर जाय, एकदा बावीच्या काठार गावली. मगे दाराक गाईच्या गळ्यातली घंटा बांधलंव, दार हलला की आवाज. आणि बापूस खय म्हणून इचारल्यान तर तो मेलो असा सांगू नको रे, दर वेळी नव्यान रडतली. "येतलो, तू चाय घे" म्हण.

चिपळूणची_सिस्टर

आबांचं एकदम बरोबर. अजून एक, बी१२ आणि थायरॉईड कधी तपासलंय? अल्झायमर असूनही बी१२ कमी असलं की विसरणं वाढू शकतं, आणि ती कमतरता तर स्वस्तात भरून निघते. चार माणसांशी बोलायचं असेल तर एल्डरलाइन १४५६७, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे.

देवगडचा_बागवाला

सगळ्यांचे आभार. काल दादाला स्पीकरवर ठेवून क्लिनिकला फोन लावला, सीटीआरआय नंबर मागितला. बाई म्हणाली "सर, आधी ॲडव्हान्स भरा, डॉक्टर मग सगळं समजावतील." तीनदा विचारलं, तीनदा हेच. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मी पंधरा दिवस रजा टाकून येतो, तू जरा झोप काढ. बी१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केलीत.

आबा, काल संध्याकाळी बोललो तुमच्यासारखं, येतलो, चाय घे. तर म्हणते कशी, "मगे त्याकाय ओत." दोन कप ओतले. घंटा मात्र कुठली घ्यावी? बाजारात मिळते ती पितळी फारच नाजूक वाजते, आमच्या कौलारू घरात मागच्या खोलीपर्यंत ऐकूच येत नाही.