हुबेहूब म्हणजे नक्कल?

गिरगावकरीण:
आमच्या चित्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एका ज्येष्ठांनी रॉन म्यूएक या हुबेहूब माणसं घडवणाऱ्या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराच्या शिल्पांचे फोटो टाकून खाली लिहिलं, "सुरकुत्या आणि केस मोजत बसणं ही कारागिरी. मेणाचे पुतळे गॅलरीत नेले म्हणून शिल्प होत नाहीत." पटापट लाइक पडले, विरोध एकानेही केला नाही. म्हणून इथे लिहितेय.

त्याचं 'डेड डॅड' घ्या. १९९७ मध्ये लंडनला 'सेन्सेशन' प्रदर्शनात होतं ते. वडिलांचं प्रेत, उताणं, अंगावर कपडा नाही, केस म्यूएकने स्वतःचे लावलेले. लांबी जेमतेम १०२ सेंटिमीटर. मेणाचा पुतळा माणसाच्या मापाचा करतात, कारण बघणाऱ्याने फसावं हाच हेतू. म्यूएक ते माप मुद्दाम टाळतो. माझ्या बाबांना हॉस्पिटलातून चाळीत आणलं तेव्हा उशाशी बसून मी एवढंच बघत होते, बाबा एवढेसे कधी झाले? पायाच्या अंगठ्याचं नख वाढलं होतं, रविवारी कापणार होते मी. हे इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगता आलं नाही. त्या शिल्पाच्या नुसत्या फोटोत ते सापडलं. याला नक्कल म्हणायचं?

गॅलरीकर:
ताई, ते दुःख तुमचं आहे, शिल्पाचं नाही. कुठलंही प्रेत दाखवलं असतं तरी तुम्हाला बाबाच आठवले असते. म्यूएकसमोर उभा राहिलेला माणूस पहिलं विचारतो, "केस खरे आहेत का?" तिथेच शिल्प हरलं. आणि आपण यातून कधीच गेलोय. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' हे देवळाकडे निघालेल्या स्त्रीचं शिल्प केलं. त्यानंतर आपल्याकडे 'अगदी जिवंत वाटतं' यापलीकडे कौतुकाला शब्दच उरला नाही. चौकाचौकांतले पुतळे त्याचीच फळं.

शाडूवाला:
'मंदिरपथगामिनी'ला यात ओढू नका. प्लास्टरमध्ये नऊवारीचं वजन कळतं त्यात, कापड कुठे अंगाला चिकटलंय आणि कुठे सुटलंय ते दिसतं. ते बघून कळत नसेल तर वाद कशाला घालायचा?

आणि 'कारागिरी' हा शब्द तुम्ही लोक शिवीसारखा वापरता, ते आता बंद करा. माझे वडील परळच्या एका कारखान्यात तीस वर्षं गणपतीची आखणी, म्हणजे डोळे रेखायचं काम, करत. रंगकाम संपलं की शेवटी डोळे. बुबुळाची रेघ ओढताना श्वास धरायचे, डाव्या हाताने उजवं मनगट पेलायचे. रेघ केसभर वर गेली तर बाप्पा रागावलेला दिसतो, खाली आली तर पेंगुळलेला. कुणाची नक्कल करत होते ते? गणपती कुणी पाहिलाय? पण त्यांना आयुष्यात कुणी कलाकार म्हटलं नाही, कारण हातात सर्टिफिकेट नव्हतं.

चौपाटीवासी:
आखणी सुंदरच असेल. पण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूत हात, सोंडा, मुकुट गोळा करायला जाते. तेच आखलेले डोळे वर बघत पडलेले असतात. पीओपी तुम्ही सोडणार कधी?

शाडूवाला:
१५ फुटी मूर्ती शाडूची करून, ट्रॉलीवर चढवून लालबागच्या पुलाखालून नेऊन दाखवा, मग बोला. एवढी माती वाळताना तडकते, हलवताना तुटते. माझ्या नावातच शाडू आहे, घरगुती मूर्ती मी मातीच्याच करतो. मंडळाला उंची कमी करायला सांगा, मूर्तिकाराला नको.

चौपाटीवासी:
मंडळ ऑर्डर देतं आणि तुम्ही घेता. दोघांनाही सांगणार.

गॅलरीकर:
धागा म्यूएकचा आहे. विसर्जनासाठी वेगळा काढा.

शाडूवाला:
गणपती निघाला की तुम्हाला धागा वेगळा हवा. हेच म्हणत होतो मी.

जेजेची माजी विद्यार्थिनी:
१८७७ मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'एज ऑफ ब्राँझ' या पुतळ्यावर हाच आळ आला होता, की जिवंत माणसावर साचा घेतलाय. केवढा मनस्ताप झाला त्याला. तेव्हा साचा आणि घडण यांतला फरक तरी बोलण्याआधी समजून घ्या. म्यूएक आधी हाताने मातीत घडवतो, साचा त्या मातीचा निघतो, मग सिलिकॉन किंवा फायबर. सिलिकॉनमध्ये केस एकेक करून रोवतात. आम्हाला तिसऱ्या वर्षी पोर्ट्रेटला बसलेल्या आजोबांचा कान मी चार वेळा मोडला होता. बरोबर मापात होता, तरी त्यांचा वाटत नव्हता. सर म्हणाले, मोजणं थांबव, त्यांच्याकडे बघ.

अजून एक. त्याचा 'मास्क टू' म्हणजे झोपलेला प्रचंड चेहरा, गाल उशीवर दबावा तसा दबलेला. मागे गेलात की आत पूर्ण पोकळ. फसवायचंच असतं तर त्याने पाठ भिंतीला लावली असती.

गॅलरीकर:
पोकळ पाठीचा मुद्दा मला माहीत होता, पण असा जोडला नव्हता. तेवढ्यापुरतं मागे घेतो. 'अ गर्ल' मात्र मला अजूनही पटत नाही. पाच मीटर लांबीचं नवजात बाळ आकारानेच दडपतं, त्यात घडणीचं श्रेय किती?

गिरगावकरीण:
त्या बाळाच्या अंगावर अजून रक्त आहे, नाळ आहे, एक डोळा जेमतेम उघडलाय. दोन बाळंतपणं काढलेल्या बाईला विचारा ते केवढं असतं.

गॅलरीकर:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. शाडूवाले, आखणी बघता येईल का?

शाडूवाला:
चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात या, रात्री अकरानंतर. वडील आता करत नाहीत, हात थरथरतो. मी करतो. डोळे चालू असताना मात्र एक शब्द बोलायचा नाही.